डोहासाठी लिहिलेला राक्षस

माझा पहिला राक्षस एका इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीत राहायचा. तो दिसायला कसा होता हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, कारण खरं म्हणजे मलाही ते ठाऊक नव्हतं. एवढंच लिहिलं की टाकीचं झाकण रोज सकाळी थोडं सरकलेलं असायचं, आणि बादलीत अधूनमधून एखादा लांब केस यायचा, घरातल्या कुणाचाच नसलेला. गोष्टी ऐकवणाऱ्या एका ॲपवर ती गोष्ट आली, आणि लोक मला कळवू लागले की आम्ही आमच्या टाक्या उघडून बघतोय. एका बाईंनी तर लिहिलं, ‘तुमच्यामुळे टाकी धुवून घेतली, आभारी आहे.’ तेव्हापासून मी राक्षस लिहून पोट भरते. म्हणजे अर्धं पोट. उरलेलं अर्धं लोणावळ्यातल्या हॉटेलांच्या जाहिराती लिहून भरतं.

आमचं गाव कामशेतवरून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहे. वडील रेल्वेत होते, रुळांच्या देखभालीच्या टोळीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. छप्पन साली आमच्या वस्तीने धर्म बदलला तेव्हा देव गेले आणि त्यांच्याबरोबर भुतंखेतंही गेली, असं अण्णा अगदी सरकारी कागद वाचल्यासारखं सांगतात. आमच्या घरात ‘तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नको, काहीतरी असतं’ असं कुणी म्हटलं की अण्णा म्हणायचे, ‘काय असतं? जाऊन बघून ये.’ आणि खरोखर पाठवायचे. अशा माणसाच्या पोटी मी जन्मले आणि राक्षसांचा धंदा धरला. त्यांना पहिली गोष्ट ऐकवली तेव्हा त्यांनी शांतपणे ती सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, ‘टाकीला कुलूप का नव्हतं?’ त्यानंतर मी त्यांना काही ऐकवायच्या भानगडीत पडले नाही.

जाहिराती लिहायला कुठे शिकलात, असं हॉटेलवाले विचारतात. राक्षसांकडून, असं मी सांगते, आणि ते हसतात. पण त्यात थट्टा नाही. कुसगावातल्या एका हॉटेलच्या मागच्या अंगाला, डोंगराला चिकटून चार खोल्या होत्या. ऊन नाही, भिंतींना ओल, आणि पावसाळ्यात खिडकीतून नुसतं पांढरं दिसायचं. मालक रडकुंडीला आले होते, ‘मॅडम, या चार रूम कुणी बघायलासुद्धा तयार नाही.’ मी लिहिलं, ‘मागच्या खोल्यांमध्ये ढग न विचारता आत येतात. खिडकी उघडी ठेवायची की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.’ महिन्याभरात लोक फोन करून त्याच खोल्या मागू लागले. ओल तीच होती, गाद्यांचा कुबट वासही तोच होता. मी फक्त झाकण थोडं सरकवून ठेवलं होतं. पुढचं ज्याने त्याने मनात लिहून घेतलं.

हे एकदा जमलं, दोनदा जमलं, आणि मी शेफारले. माणसाला काय वाटायला लावायचं ते आपल्या हातात आहे, असं मला मनापासून वाटू लागलं होतं. त्याच दिवसांत एका सकाळी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले.

आबा माझ्या नात्यातले नव्हेत, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. भाताची शेती असलेल्या घरातले, सत्तरीला टेकलेले, अंगाने काटक. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्याचा मोठा डोह आहे आणि त्याच्या काठालगतच त्यांचं शेत आहे. पावसाळ्यात रविवारी मुंबई-पुण्याकडची माणसं त्या डोहावर येतात. वरून पाणी शांत दिसतं, पण खाली खडकात एक कपार आहे आणि पाणी माणसाला तिकडे ओढतं. त्या कपारीत बुडी मारून परत येणारा माणूस आमच्या भागात एकच आहे, तो म्हणजे आबा. कुणी बुडालं की पोलिसांच्या आधी माणसं आबांना हाका मारतात. आबा उतरतात. आजवर जे वर आणले, त्यातले फार थोडे जिवंत होते. त्यापायी उजवा कान गेला. आदल्या वर्षी त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीला वर आणलं, तीही जिवंत नव्हती. काकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्याजवळ बोलल्या होत्या की त्या दिवसापासून ते हाताने भात कालवत नाहीत, चमचा मागतात.

चहा झाल्यावर आबा म्हणाले, ‘पोरी, तू लोकांला भ्या वाटंल असं लिव्हतीस म्हनं.’

‘लिहिते, आबा.’

‘मंग डोहापाशी लिव्ह की. असं लिव्ह का कुनी पान्यात पायच घालनार न्हाई.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘मला आता न्हाई उतरवत. पन हाक आली की पाय ऱ्हात न्हाईत. बसून बघवतंय व्हय कुनाला? एक डाव मीच खाली ऱ्हाईन, पोरी.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. शेतातलं काम सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पुन्हा पाण्यात उतरावं लागू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं आणि ते मागायला तो माझ्याकडे आला होता.

डोहाशी पाटी नव्हती असं नाही. सरकारी पाटी होती. ‘धोका. पोहण्यास सक्त मनाई.’ खाली कवटी. लोक त्या पाटीवर ओले टॉवेल वाळत घालायचे आणि कवटीला गॉगल लावून फोटो काढायचे. ती पाटी बघून मला एखाद्या भिकार गोष्टीचा यावा तसा राग आला. सगळं पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं, राक्षस दारातच उभा केलेला. कोण घाबरणार? मी घरी आले आणि दोन दिवस खपून तीन ओळी लिहिल्या.

‘या डोहात जे राहतं, ते हाक मारतं.
पहिली हाक सगळ्यांना ऐकू येते.
दुसरी ज्याला ऐकू येते, तो परत जात नाही.’

राक्षसाला एक नियम लागतो. नियम नसलेल्या राक्षसाला लोक दोन दिवसांत विसरतात. नियम असला की माणूस तो घरी घेऊन जातो, अंथरुणात पडून ‘आपल्याला ऐकू आली तर?’ असं स्वतःलाच विचारत राहतो. हाकेचा नियम मला फार आवडला. कामशेतच्या पेंटरने काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत पाटी रंगवून दिली, आणि देताना हळूच विचारलं, ‘ताई, खरं हाय का ओ ह्ये?’ मी हसले. मला वाटलं, झालं काम. अण्णांना मी यातलं काहीच सांगितलं नाही, त्याचं कारण वेगळं सांगायला नको.

पाटी लावल्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम डोहावर गेले. पाटीसमोर गर्दी होती. मी लांबून बघत होते आणि, आता लिहायला लाज वाटते, मला आनंद होत होता. लोक ओळी मोठ्याने वाचत होते. मुली एकमेकींना धरून किंचाळत होत्या. मग फोन बाहेर आले. पाटीचा व्हिडिओ, पाटीबरोबर स्वतःचा व्हिडिओ, आणि त्यानंतर डोहाच्या अगदी काठावर जाऊन, पाण्याकडे तोंड करून, ‘ओ! कोण बोलावतंय?’ काहीजण गुडघाभर पाण्यात उतरून कान देऊन उभे राहत होते. दुपारपर्यंत गाड्यांची रांग पार गावातल्या शाळेपर्यंत गेली. जे लोक यापूर्वी नुसते भजी खाऊन पुढे जायचे, तेही आता विचारत होते, हाक मारणारा डोह कुठे आहे?

आबा बांधावर बसून होते. मला बघून म्हणाले, ‘पोरी, तू तर जत्रा भरीवलीस.’

मी म्हटलं, नवीन आहे म्हणून असेल, आठवड्याभरात ओसरेल. ते माझं मलाच पटलं नव्हतं. राक्षसाची गोष्ट लोक पळून जायला ऐकत नाहीत, जवळ जायला ऐकतात. घाबरायला मिळावं म्हणून ते हेडफोन लावतात. इतकी वर्षं माझं पोट याच गोष्टीवर चाललं होतं, आणि हॉटेलच्या ओल आलेल्या खोल्याही मी याच युक्तीने विकल्या होत्या. राक्षस म्हणजे आमिष. ते मी डोहाच्या काठावर टांगलं होतं.

पुढच्या रविवारच्या आत आणखी एक झालं. मावळात पाण्यात आसरा, म्हणजे जलदेवता, असतात असं मानणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि आसरांना हिरव्या बांगड्या वाहतात. या डोहावर ती चाल कधीच मोडली होती. माझी पाटी लागली आणि कुणाला तरी वाटलं की ज्या अर्थी लिहिलंय त्या अर्थी असणारच. पाटीखाली आधी एक नारळ आला, मग बांगड्यांची जोडी, मग हळदकुंकू. शनिवारी तिथल्या एका दगडाला शेंदूर लागला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती असं म्हणतात. मी करायला गेले राक्षस आणि झाला देव. तोसुद्धा अण्णांच्या मुलीच्या हातून.

त्या दुसऱ्या रविवारी मी पुन्हा डोहावर होते. पाटी काढावी का, असं आबांना विचारायचं म्हणूनच गेले होते. चार मित्रांचा घोळका खडकावर उभा होता. त्यातल्या एकाने कानामागे तळहात धरला, ‘गप्प बसा रे, मला दुसरी ऐकू आली,’ असं ओरडला आणि उडी मारली. बाकीचे हसले. तो एकदा वर आला, हसतच होता. मग खाली गेला आणि पुन्हा वर आला नाही. हसणं थांबायला जरा वेळ लागला.

आबा अंगातल्या सदऱ्यासकट उतरले. पाणी मिटलं. मी काठावर उभी होते आणि माझ्या डोक्यात माझंच तिसरं वाक्य फिरत होतं, थांबतच नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग पलीकडच्या खडकाशी आबांचं डोकं वर आलं आणि त्यांच्या मुठीत त्या मुलाची कॉलर होती. तो जिवंत होता. खूप पाणी ओकला, रडला आणि मित्रांनी त्याला उचलून गाडीत घातलं. आबांना धन्यवाद म्हणायचंही कुणाला सुचलं नाही, आणि आबांनाही त्याची अपेक्षा नव्हती. ते दगडाला टेकून बसले होते. उजव्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली होती. पाटीबद्दल ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गावात लपून काय राहतं? सोमवारी सकाळी अण्णा काठी घेऊन निघाले. ‘चल, तुझी गोष्ट दाखव,’ एवढंच म्हणाले. चढ चढायला आम्हाला खूप वेळ लागला. वर पोचल्यावर त्यांनी चष्मा पुसून तीन ओळी वाचल्या. दगडावरचा शेंदूर बघितला. मग खाली वाकून बांगड्या एकेक करून उचलल्या आणि पिशवीत टाकल्या. ‘काच जाईल कुणाच्या पायात,’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘अण्णा, चुकलं माझं.’

ते पाण्याकडे बघत होते. ‘मी इथं पहिल्यांदाच आलोय,’ ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. साऱ्या जन्मात त्यांनी आपल्याच गावचा डोह बघितला नव्हता?

‘लहानपणी आमच्यातलं कुणी इकडं फिरकत नसे. आपली वस्ती खालच्या अंगाला, आपलं पाणी खालचं. हे पाणी आपलं नव्हतं. नंतर कुणी अडवलं नसतं, पण पाय वळले नाहीत ते नाहीतच.’

‘तेव्हा पाटी होती?’

‘पाटी कशाला लागते? धर्म बदलायच्या आधीची गोष्ट. मी पाच-सहा वर्षांचा असेन. एकदा या वाटेला लागलो, तर आईनं बघितलं. ती ओरडली नाही, मारलं नाही. नुसती बघत राहिली. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मी माघारी आलो.’

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या आजीला मी कधी पाहिलं नाही. तिची भीती पाण्याची नव्हती, माणसांची होती, आणि ती भीती असायला नको होती. पण तिचा चेहरा सत्तर वर्षं अण्णांना पुरला होता, आणि माझ्या तीन ओळी दोन रविवार टिकल्या नव्हत्या. आम्ही दगडाने खिळे ठोकून मागे सरकवले आणि पाटी काढली. ती बरीच जड होती. खाली उतरताना आम्ही दोन टोकांना दोघं धरून आणली.

तिथून आम्ही आबांच्या घरी गेलो. कानात कापूस घालून ते बाजेवर पडले होते. अण्णा आणि आबा एका गावात म्हातारे झालेले, पण अण्णा त्या घरात बसून चहा प्यायले ते मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मी माफी मागितली. आबांनी हात हलवला.

‘पान्याखाली मला भ्या वाटत न्हाई, पोरी. खाली काय न्हाई. वर आल्यावर वाटतं,’ ते म्हणाले. ‘मागल्या साली ती पोरगी काढली न्हवं का, तवा तिचा फोन दगडावं व्हता. तो वाजाया लागला. वर अक्षरं आली, आई. आमी धा-पंधरा मानसं समदी बघत बसलो. कुनी उचलंना. मीबी उचलला न्हाई. बंद पडायचा, परत वाजायचा. पोलीस येस्तोवर वाजत व्हता. त्ये मला अजून ऐकू येतंय, ह्या फुटक्या कानानं.’

काकूंनी पदर तोंडाशी नेला.

‘मी मनात म्हन्लं,’ आबा पुढे म्हणाले, ‘आधीच नंबर लिवून ठिवला आसता, तर नीट कुनीतरी कळीवलं तरी आसतं. लेकीच्या फोनवं लेकीची वाट तरी बघत बसली नसती ती बाय.’

अण्णा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. मग म्हणाले, ‘आमच्या टोळीत रुळावर उतरण्याआधी सही करावी लागायची. कोण उतरलं, ते लिहिलेलं पाहिजे. सही करताना माणूस जरा जागा होतो.’ आणि माझ्याकडे वळून, ‘एक मोठी वही आण.’

वही मी आणली, पण रकाने अण्णांनी पाडले, पट्टी घेऊन, जन्मभराच्या सवयीने. पहिला, नाव. दुसरा, घरचा नंबर. तिसरा रकाना थोडा विचार करून पाडला आणि वर लिहिलं, ‘नंबर कुणाचा’. काढून आणलेल्या माझ्याच पाटीची मागची बाजू पुसून मी नवी ओळ लिहिली, ‘पाण्यात उतरण्याआधी घरचा फोन नंबर इथे लिहावा.’ मला अजून काहीतरी घालायचं होतं. निदान एक ओळ. बोटं शिवशिवत होती. अण्णा म्हणाले, ‘बास. उरलेलं त्यांचं त्यांना कळेल.’ आयुष्यभर राक्षसाला नावं ठेवणाऱ्या माणसाने मला राक्षस कसा लिहायचा ते शिकवावं, हे जरा अतीच झालं. पण मी ब्रश खाली ठेवला.

रविवारी डोहाच्या वाटेवर प्लास्टिकचं टेबल मांडून दोघं म्हातारे बसले. आबांच्या कानाला मफलर, अण्णांच्या खिशाला पेन. मी मागे दगडावर. पहिला आला तो एक धिप्पाड माणूस, मित्रांबरोबर, खांद्यावर टॉवेल. ‘नंबर कशाला, आबा? लकी ड्रॉ आहे का?’ मित्र हसले.

‘न्हाई,’ आबा म्हणाले. ‘कळवायला लागतं.’

‘काय कळवायला?’

आबा त्या माणसाकडेच बघत होते, शांतपणे. त्याने हसतच नाव लिहिलं. नंबर लिहिला. तिसऱ्या रकान्याशी पेन थांबलं. मग लिहिलं, ‘मुलगी’.

‘केवढी हाय?’ आबांनी विचारलं.

‘चौथीत आहे. तिच्याकडेच असतो घरचा फोन.’

‘बरं,’ आबा म्हणाले.

तो माणूस पेन हातात धरून उभा राहिला. डोहाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग पेन अण्णांच्या हातात देऊन म्हणाला, ‘चला रे, भजी खाऊ आधी.’ ते परत आले नाहीत.

सगळेच असे गेले असं म्हणणार नाही. काहीजण आमच्यावर वैतागले. कुणी म्हणाले, तुम्ही कोण विचारणार? ते बरोबरच होतं, आम्ही कुणी नव्हतो. काहीजण कडेच्या उथळ पाण्यात पाय बुडवून बसले, तेवढ्याला आबांची हरकत नव्हती. काही पोरं खोटे नंबर लिहायची. तेव्हा अण्णा चष्मा वर करून एकेक आकडा मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, ‘आई उचलेल ना?’ मग खोडून दुसरा लिहिला जायचा. तिसऱ्या रकान्यात आई असायची, बायको असायची, एकाने ‘घरमालक’ लिहिलं तेव्हा आम्ही तिघंही हसलो आणि मग अण्णांनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. खोल पाण्याकडे जाणारे फार थोडे उरले. माझ्या तीन ओळींपुढे गर्दी जमायची, अण्णांच्या तीन रकान्यांपुढे ती पांगायची. तिथे राक्षसाचं नाव नव्हतं, वर्णन नव्हतं, हाक नव्हती. आपल्या माणसाचं नातं लिहिताना जे काही डोळ्यांसमोर येतं ते आणायला मला एक शब्दसुद्धा खर्चावा लागला नव्हता.

मी अजून राक्षस लिहिते आणि हॉटेलांचं कामही करते. फक्त हल्ली काही विकायला लिहिताना मनात येतं की हे वाचून माणूस कुठे जाईल? आधी मला त्याचं काही वाटत नसे. माणूस आला की झालं, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या पावसाळ्याचा शेवटचा रविवार मला नीट आठवतो. ओढ्याचं पाणी निवळलं होतं, गर्दी कमी झाली होती. दुपारी चार मुली आल्या. तिघी उत्साहात होत्या, चौथीला त्या ओढत होत्या, ‘चल ना, एकदाच.’ तिने वहीत नाव लिहिलं, नंबर लिहिला आणि तिसऱ्या रकान्यात ‘आई’. मग चपला हातात घेऊन बराच वेळ दगडावर बसली. शेवटी मैत्रिणींना म्हणाली, ‘मी नाही उतरत. तुम्हीपण नका उतरू.’ थोडी कुरकुर झाली आणि चौघी पुण्याच्या वाटेला लागल्या. आबांनी मान वळवून त्या वळणाआड जाईपर्यंत बघितलं.

पाच-साडेपाचला आम्ही टेबल आवरायला लागलो. वही मांडल्यापासून आबांना एकदाही डोहात उतरावं लागलं नव्हतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, पण दृष्ट लागेल म्हणून कुणी बोलत नव्हतं. आणि अण्णा तर दृष्ट मानतही नाहीत. आबांनी वही उघडली, बोट फिरवत त्या मुलीच्या ओळीवर आणलं आणि म्हणाले, ‘पोरी, ह्यो नंबर लाव.’

‘कशाला, आबा?’

‘घरी पोचली का, इचारू.’

मी म्हटलं, ‘नको. अनोळखी माणसाचा फोन आला तर त्या घाबरतील.’

आबांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, ‘लाव.’

मी स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला. दोनदा वाजला आणि उचलला. ‘हॅलो?’ बाईंचा आवाज. मागे कुकरची शिट्टी.

आबांना काय बोलायचं ते सुचेना. ‘आमी... मावळातनं बोलतुया,’ ते म्हणाले. ‘डोहावरनं.’

त्या बाई एकदम म्हणाल्या, ‘काय झालं?’

इतकी वर्षं मी ज्या आवाजासाठी शब्द शोधत होते तो हा आवाज. तो ऐकला आणि मला वाटलं, मी हे कधीही लिहिणार नाही.

‘काय न्हाई झालं, बाय,’ आबा घाईघाईने म्हणाले. ‘काय बी न्हाई. तुमची लेक पान्यात उतरली न्हाई, येवडंच सांगायचं व्हतं. घरी आली का?’

पलीकडे श्वास सोडल्याचा आवाज आला. ‘आली,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ताच आली. भूक भूक करत होती. जेवायला बसलीये.’

‘वाढा तिला,’ आबा म्हणाले. ‘वाढा पोटभर.’

फोन बंद झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. अण्णा पेनचं टोपण लावत होते, उगाचच, लावलेलंच पुन्हा लावत होते. आबा त्या फोनकडे बघत बसले होते. मग त्यांनी वहीत बोट एक ओळ वर सरकवलं आणि म्हणाले, ‘आता ह्यो लाव.’